मामांचा जुना पीसी: पैसे कुठे घालायचे आणि कुठे नाही

प्रश्न: दादा, मामांकडे खूप जुना असेंबल्ड डेस्कटॉप आहे. चौथ्या जनरेशनचा आय-३ प्रोसेसर, एच८१ मदरबोर्ड, ४ जीबी रॅम, ५०० जीबी हार्ड डिस्क, विंडोज १०. चालू केल्यावर पाच-सात मिनिटं माउससुद्धा धड हलत नाही. मामा त्यावर मेल, पीडीएफ फॉर्म, नेटबँकिंग आणि एक्सेलमध्ये घरखर्च करतात, मामी यूट्यूब बघते आणि मुलीशी व्हिडिओ कॉल करते. दुरुस्तीवाला म्हणाला ग्राफिक कार्ड टाका, स्पीड येईल. चुलतभाऊ म्हणतो भंगारात काढा आणि नवीन घ्या. मामा म्हणतात चालतोय ना, मग चालू दे. पैसे थोडेच आहेत आणि तेही मामाच देणार. मी उत्साहात "मी करून देते" बोलून बसलेय. आता काय करू? — अडकलेली भाची

उत्तर: अगं भाची, पहिली गोष्ट, ग्राफिक कार्ड नाही. अजिबात नाही. मेल, पीडीएफ, एक्सेल आणि यूट्यूब एवढ्यासाठी त्या आय-३ च्या आतलंच ग्राफिक्स भरपूर आहे, कार्ड टाकून पीसी चालू व्हायला एक सेकंदसुद्धा कमी लागणार नाही, उलट त्या जुन्या पॉवर सप्लायवर आणखी एक गिऱ्हाईक वाढेल. गेम खेळायचे असते किंवा व्हिडिओ एडिटिंग असतं तर बोललो असतो. इथे म्हणजे आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी असा प्रकार आहे. चुलतभावाचं मात्र अगदीच चूक नाहीये, त्याच्याकडे नंतर येतो.

काही विकत घ्यायच्या आधी एकदा मामांकडे जाऊन नुसती बस. पीसी चालू कर, कंट्रोल-शिफ्ट-एस्केप दाबून टास्क मॅनेजर उघड, त्यात परफॉर्मन्सचा टॅब आहे तिथे डिस्क आणि मेमरी बघत रहा. माझा अंदाज असा की डिस्क १०० टक्क्यांना चिकटलेली दिसेल आणि प्रोसेसर मात्र वीस-पंचवीस टक्क्यांवर निवांत बसलेला असेल, मेमरी ४ पैकी साडेतीनच्या आसपास. असं दिसलं की समज, बिचारा प्रोसेसर वाट बघत बसलाय, दोष त्याचा नाहीच.

हे का होतं ते थोडं सांगतो कारण मामांना तुला पटवून द्यावं लागणार आहे. हार्ड डिस्कमध्ये खरीखुरी चकती फिरते, बहुतेक डेस्कटॉपच्या डिस्कमध्ये मिनिटाला ७२०० फेरे, आणि एक दांडी पुढेमागे सरकून पाहिजे त्या जागी जाते. प्रत्येक वेळी दांडी जागेवर जाणार, मग चकती फिरून डेटा खाली येणार, यात साधारण १२-१३ मिलिसेकंद जातात. ऐकायला काहीच नाही वाटत, पण याचा अर्थ सेकंदाला इकडेतिकडे विखुरलेल्या ७५-८० गोष्टीच वाचता येतात, आणि विंडोज चालू होताना अशा हजारो बारीकसारीक फायली वाचत असतं, त्यात अँटीव्हायरस, अपडेट, प्रिंटरचं काहीतरी, सगळे एकदमच रांगेत उभे. वर रॅम ४ जीबी, म्हणजे ती भरली की विंडोज उरलेलं सामान त्याच डिस्कवर नेऊन ठेवतं आणि लागेल तेव्हा परत आणतं, म्हणजे डिस्क आधीच दमलेली आणि तिच्यावरच अजून बोजा. ती जी घरघर ऐकू येते ना ती हीच. एसएसडी म्हणजे हार्ड डिस्कच्या जागी बसणारी, चिपवर डेटा ठेवणारी डिस्क, तिच्यात फिरणारं काही नसतंच, तेच काम साधारण मिलिसेकंदाच्या दहाव्या भागात होतं. म्हणून दहा-बारा वर्षं जुन्या मशीनलासुद्धा एसएसडी लावली की लोकांना वाटतं नवीनच आणला की काय.

आता पैशाचं. मी अशा वेळी प्रत्येक वस्तूबद्दल एकच प्रश्न विचारतो, की उद्या हा पीसी खरंच बंद पडला तर ही वस्तू पुढच्या मशीनमध्ये जाईल का? साटा एसएसडी (साटा म्हणजे डिस्क केबलने बोर्डला जोडायची नेहमीची पद्धत) जाईल, वेबकॅम जाईल, कीबोर्ड माउस स्पीकर जातील, यूपीएस जाईल. या बोर्डला लागणारी जुन्या पिढीची डीडीआर३ रॅम जाणार नाही, कारण नवी मशीन डीडीआर४ किंवा डीडीआर५ वर चालतात आणि त्यांच्या खाचाच वेगळ्या जागी असतात, बसतच नाहीत. चौथ्या जनरेशनसाठीचा जास्त ताकदीचा प्रोसेसर जाणार नाही, तो एलजीए ११५० सॉकेटचा, म्हणजे बोर्डवरच्या त्या खास खाच्यातच बसणारा, आणि ते सॉकेटच मागे पडलंय. तर पैसे आधी बरोबर येणाऱ्या वस्तूंवर घालायचे आणि इथेच राहणाऱ्या वस्तूंवर अगदी हात राखून. एवढं धरलंस की अर्धे निर्णय आपोआप होतात, आणि मामांनापण हे लगेच कळेल, हिशोबी माणूस आहे.

म्हणजे एसएसडी पहिली. घेताना २.५ इंची साटा एसएसडी घे, ती छोटी चपटी डबी असते. दुकानात कोणी एनव्हीएमई (थेट बोर्डवर बसणारी जास्त वेगवान एसएसडी) घ्या, तीच भारी, असं सांगेल, ती भारी आहेच पण एच८१ बोर्डला तिचा स्लॉटच नसतो, नुसती हातात घेऊन बसशील. एच८१ वर चार साटा पोर्ट असतात, दोन ६ गिगाबिटचे आणि दोन ३ चे, बऱ्याचदा रंग वेगळा असतो किंवा बोर्डवर बाजूला बारीक अक्षरात लिहिलेलं असतं. एसएसडी ६ वाल्या पोर्टला लाव. चुकून ३ ला लागली तरी आभाळ कोसळत नाही, मोठी फाइल कॉपी करताना वेग कमी दिसेल पण रोजच्या वापरात मामांना फरक कळणार नाही, कारण खरा फायदा त्या वाट न बघण्याचा आहे. साटाची केबल बहुतेक वेळा एसएसडीच्या खोक्यात येत नाही, ती वेगळी आठवणीने घे नाहीतर सगळं उघडून ठेवल्यावर कळेल. पॉवरची पिन सप्लायमधूनच मोकळी लोंबत असते. नसली तर ते जुन्या चार पिनवरून साटा करायचं स्वस्त कन्व्हर्टर मिळतं, त्यातलं वायर प्लास्टिकमध्ये ओतून सील केलेलं जे असतं ते घेऊ नकोस, ते आतल्या आत शॉर्ट होऊन वितळल्याचे प्रकार झालेत. त्यापेक्षा डीव्हीडी ड्राइव्ह काढून त्याची पिन वापर, तसाही कोण वापरतंय.

साइज किती? कामापुरती २५० जीबी पुरते. पण एक मेख आहे. मामांचं एक्सेल कुठलं आहे ते बघ. जुन्या ऑफिसची सीडी आणि की हरवलेली असेल, आणि हरवलेलीच असते, तर नव्याने विंडोज टाकलं की ते ऑफिस गेलं. मग तुझ्याकडे दोन रस्ते, एकतर लिब्रेऑफिस हे फुकटचं ऑफिस टाकून मामांना त्याची सवय लावायची, नाहीतर जुनी डिस्क जशीच्या तशी एसएसडीवर क्लोन करायची. क्लोनझिला हे क्लोन करायचं सॉफ्टवेअर फुकट आहे पण ५०० ची डिस्क २५० च्या एसएसडीवर सरळसरळ क्लोन करू देत नाही, आधी पार्टिशन (डिस्कचे सी, डी असे भाग) लहान करायची खटपट करावी लागते. काही एसएसडी कंपन्या त्यांचं स्वतःचं क्लोनिंग सॉफ्टवेअर देतात, ते जास्त सोपं असतं. क्लोन करायचंच असेल तर ५०० जीबीची घेतलेली बरी, डोक्याला ताप नको. मला विचारशील तर मी नवीन इन्स्टॉलच करेन, इतक्या वर्षांचा कचरा नव्या घरात कशाला न्यायचा. आणि ते विंडोज कोणीतरी कुठल्यातरी ॲक्टिव्हेटरने, म्हणजे लायसन्स नसताना चोरून चालवणाऱ्या सॉफ्टवेअरने, चालू करून दिलेलं असेल तर मग क्लोनचा विचारसुद्धा नको, त्या मशीनवर माणूस नेटबँकिंग करतो.

एसएसडी सेकंडहँड घेऊ नकोस, किती वापरलीय कळत नाही. आणि कोणाला पटणार नाही एवढ्या स्वस्तात दोन-दोन टीबी देणाऱ्या बिननावाच्या डब्या मिळतात त्यांच्या नादाला तर बिलकुल लागू नकोस, आत छोटीशी चिप असते आणि वर खोटी साइज दाखवतात, डेटा भरत जातेस आणि मागचा पुसत जातो. तीन वर्षांची वॉरंटी असलेली साधी नावाजलेली घे, बास.

आता रॅम. ही इथेच राहणारी वस्तू, पण ४ जीबीवर आजचं क्रोम आणि व्हिडिओ कॉल एकत्र म्हणजे हालच, म्हणून ८ करावीच लागेल. टास्क मॅनेजरमध्ये मेमरीवर क्लिक केलं की स्लॉट किती वापरलेत ते लिहून येतं. एच८१ ला दोनच स्लॉट असतात. एकात ४ जीबीची काडी आणि दुसरा रिकामा असेल तर नशीब, तसलीच अजून एक ४ जीबी डीडीआर३ आणून लावायची. दोन काड्या झाल्या की ड्युअल चॅनलपण चालू होतं, म्हणजे दोन्ही काड्यांशी एकदम देवाणघेवाण होते, आणि आतलं ग्राफिक्स याच रॅममधून खात असल्याने त्यालाही थोडा हातभार लागतो. जर दोन-दोनच्या दोन काड्या असतील तर दोन्ही काढून चार-चारच्या लावाव्या लागतील. ही मात्र सेकंडहँड घ्यायला हरकत नाही, रॅम सहसा झिजत नाही, चालते तर वर्षानुवर्षं चालते. लावल्यावर रात्रभर मेमटेस्ट८६ हे रॅम तपासणारं सॉफ्टवेअर चालवून बघ, एकजरी एरर आली तर परत कर. आणि लॅपटॉपची रॅम घेऊन येऊ नकोस, ती आखूड असते, हसू नकोस, आणतात लोक. १६ जीबी करायची का, तर नको, मामांचं एक्सेल काय एवढं मोठं नाहीये.

एक बघायचं राहिलं, सेटिंगमध्ये सिस्टिमच्या अबाउटमध्ये ३२ बिट लिहिलंय की ६४. जुन्या पीसीला बऱ्याचदा ३२ बिट विंडोज टाकलेलं असतं आणि घरगुती ३२ बिट विंडोजला ४ जीबीच्या वरची रॅम वापरताच येत नाही, म्हणजे तू रॅम वाढवशील आणि ती नुसती शोभेला. तसं असेल तर क्लोनचा प्रश्नच मिटला, ६४ बिट नव्यानेच टाकावं लागेल.

प्रोसेसर बदलू का असं तू विचारलं नाहीस पण कोणीतरी सुचवणारच. त्याच सॉकेटचा चार कोअरचा आय-५ जुन्या बाजारात मिळतो, बसतोही, फरकही पडतो. पण मी थांबेन. यूट्यूब अडकतं याचं कारण वेगळंच असू शकतं. यूट्यूब आपले व्हिडिओ व्हीपी९ आणि एव्ही१ फॉरमॅटमध्ये पाठवतं, ते उलगडायची पूर्ण सोय या चौथ्या जनरेशनच्या चिपमध्ये नाही, मग सगळं ओझं प्रोसेसरवर पडतं आणि पंखा कोकलायला लागतो. एच.२६४ हा जुना फॉरमॅट मात्र ही चिप आरामात हार्डवेअरवर खेळवते. ब्राउझरला एच२६४इफाय (h264ify) नावाचं छोटं एक्स्टेंशन मिळतं, ते यूट्यूबला जुनाच फॉरमॅट पाठवायला लावतं. फुकटचं काम, आणि मामीला वाटेल तू काहीतरी मोठीच जादू केलीस.

मामीच्या व्हिडिओ कॉलचंही तसंच. कॉल अडकतो तो पीसीमुळे की नेटमुळे हे आधी बघ. तिथेच, त्याच खुर्चीत बसून मोबाइलवरून वायफायने कॉल लाव. मोबाइलवरही चेहरा गोठत असेल तर पीसीत काहीही ओतलंस तरी उपयोग नाही. डेस्कटॉप नेहमी घरातल्या कुठल्यातरी कोपऱ्यात असतो आणि मागे एक नखाएवढं वायफाय डोंगल खोचलेलं, ते लोखंडी डब्याच्या मागे भिंतीकडे तोंड करून बसलेलं. ते यूएसबीच्या एक्स्टेंशन केबलने वर टेबलावर आण, किंवा राउटर जवळ असेल तर सरळ लॅन केबल टाक. घरातली जुनी लॅन केबलसुद्धा चालेल.

डबा उघडलाच आहेस तर दोन-तीन गोष्टी होऊन जाऊदेत. आधी प्लग पूर्ण काढ, स्विच बंद करून भागवू नकोस. बाहेर मोकळ्या जागी नेऊन ब्लोअरने धूळ उडव, उडवताना पंख्याची पाती बोटाने धरून ठेव, हवेने गरगर फिरू देऊ नकोस. प्रोसेसरवरचा पंखा काढून त्याखालची थर्मल पेस्ट (उष्णता कूलरकडे नेणारा लेप) बदलावी का यावर लोक भांडतात. माझं म्हणणं, पीसी तापून आपोआप बंद पडत असेल तरच त्याला हात लाव, कारण इंटेलच्या त्या कूलरच्या चार प्लास्टिकच्या पिना जुन्या झाल्या की कडक होतात आणि काढताना एखादी तुटली की बसलीस. रॅमच्या काड्या काढून सोनेरी पट्टी साध्या खोडरबरने हलकेच पुसून परत लाव, जुनाच उपाय आहे पण अजून चालतो. पॉवर सप्लायचा डबा मात्र उघडायचा नाही, प्लग काढल्यावरसुद्धा त्यात करंट साठून राहतो.

बोर्डवर एक नाण्यासारखा सेल दिसेल, सीआर२०३२. तो बदलूनच टाक. तो संपला की पीसीची तारीख दर वेळी मागे जाते, आणि तारीख चुकली की बँकेची साइट उघडताना सुरक्षेची लाल वॉर्निंग येते कारण साइटचं सर्टिफिकेट त्या तारखेला लागूच नसतं. लोक इथे घाबरून व्हायरस आला म्हणून फॉरमॅट मारून घेतात. मामांना असं कधी झालंय का विचार, मला वाटतं झालंय म्हणतील.

आणि बोर्डवर ते छोटे उभे नळकांडीसारखे कपॅसिटर असतात, त्यांची डोकी बघ. सपाट असतील तर ठीक. एखादं जरी फुगलेलं किंवा वरून तपकिरी काहीतरी पाझरलेलं दिसलं तर तिथेच थांब, त्या मशीनवर आता रॅमचापण पैसा घालायचा नाही.

आता विंडोज, आणि इथे जरा नीट वाच कारण खरा घोळ इथेच आहे. विंडोज १० चा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. म्हणजे पीसी बंद पडत नाही, चालतो, पण सुरक्षेचे नवे अपडेट येत नाहीत. मायक्रोसॉफ्टने घरगुती लोकांसाठी मुदतवाढीची स्कीम जाहीर केली, ईएसयू, ती १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंतची. त्यासाठी विंडोज १० ची २२एच२ आवृत्ती हवी आणि मायक्रोसॉफ्ट अकाउंट लागतं, सेटिंगमध्ये अपडेटच्या पानावर नाव नोंदवायची लिंक दिसते. विंडोज ११ या मशीनवर अधिकृतपणे बसत नाही, त्याच्या यादीत इंटेलचे प्रोसेसर साधारण आठव्या जनरेशनपासून पुढचे आहेत आणि टीपीएम २.० ही सुरक्षेची सोयपण लागते. रुफस नावाच्या सॉफ्टवेअरने ही अट चुकवून ११ टाकता येतं, व्हिडिओ ढिगाने आहेत, आणि चालतंही. पण स्वतःच्या पीसीवर कर काय करायचं ते. अशा मशीनला अपडेट मिळतीलच याची मायक्रोसॉफ्ट हमी देत नाही, आणि मोठं अपडेट आलं की परत कोणीतरी पेन ड्राइव्ह घेऊन जावं लागतं, ते कोणीतरी म्हणजे तू. (कोअर २ ड्युओवाल्या वाचकांनो, तुम्ही तर नादच सोडा, २४एच२ या आवृत्तीपासून विंडोज ११ ला जे प्रोसेसर इन्स्ट्रक्शन लागतात ते तुमच्या चिपमध्ये नाहीतच, कुठलीही युक्ती चालत नाही.)

राहिलं लिनक्स, म्हणजे विंडोजच्या जागी टाकायची फुकटची सिस्टिम. घाबरू नकोस. लिनक्स मिंट दिसायला जुन्या विंडोजसारखंच आहे, खाली पट्टी, डाव्या कोपऱ्यात मेनू, घड्याळ उजवीकडे. मिंट २२ च्या मालिकेला २०२९ पर्यंत अपडेट आहेत, फुकट आहे आणि आय-३, ८ जीबी आणि एसएसडीवर मस्त पळतं. मेल, बँक, यूट्यूब, व्हिडिओ कॉल सगळं ब्राउझरमध्येच तर आहे. अडतं ते दोन ठिकाणी, प्रिंटर आणि एक्सेल. म्हणून आधी टाकायचंच नाही, पेन ड्राइव्हवर घेऊन त्यावरूनच चालू करायचं, डिस्कला हात न लावता, आणि मामांना शेजारी बसवायचं. एक पान प्रिंट करून बघ. मामांची ती खर्चाची फाइल लिब्रेऑफिसमध्ये उघड आणि त्यांनाच बघू दे, बेरजा येतायत का, रंग तसेच आहेत का, कोणीतरी मॅक्रो (एक्सेलमध्ये आपोआप काम करणारे छोटे प्रोग्राम) घालून दिलेले असतील तर ते चालतायत का. मॅक्रो असतील तर बहुतेक बोंब होईल. वेबकॅम आणि माइक तपास, मराठी टाइप करून बघ, मामा ज्या पद्धतीने टाइप करतात तो कीबोर्ड आहे का. हे सगळं जमलं तर एसएसडीवर मिंटच टाक आणि विंडोजची भानगडच संपव. एकजरी गोष्ट अशी अडली की जिच्यावाचून मामांचं रोजचं अडतं, तर हट्ट नको, विंडोज १० वर मुदतवाढ घे आणि ती संपायच्या आत दुसऱ्या मशीनची सोय बघायची हे घरात आधीच सांगून ठेव.

आता चुलतभाऊ. तो नवीन म्हणतो, मी म्हणतो नवीन नाही पण दुसरं. मोठ्या ऑफिसातून लीज संपलेले डेस्कटॉप रीफर्बिश्ड, म्हणजे तपासून-दुरुस्त करून परत विकायला, येतात, डेलचे ऑप्टिप्लेक्स, एचपीचे एलिटडेस्क, लेनोवोचे थिंकसेंटर. दणकट असतात, आयुष्यभर एक्सेलच चालवलेलं असतं. आठवं जनरेशन किंवा त्यापुढचा आय-५ बघ, म्हणजे विंडोज ११ अधिकृतपणे चालतं. त्यात तुझी ही एसएसडी, मॉनिटर, कीबोर्ड सगळं जातं. फक्त मॉनिटर जुना असेल आणि त्याला नुसतं व्हीजीए, ते जुनं रुंद पिनांचं पोर्ट, असेल तर मागची पोर्ट जुळतात का बघ, डिस्प्लेपोर्टवरून व्हीजीए करायचा कन्व्हर्टर लागू शकतो. आणि एक लक्षात ठेव, या ब्रँडेड डब्यांचा पॉवर सप्लाय बऱ्याचदा त्यांच्याच मापाचा असतो, बिघडला तर कुठलाही आणून लावता येत नाही, तेव्हा वॉरंटी असलेलंच घे. तुझ्या हिशोबात एसएसडी आणि रॅम मिळून असल्या मशीनच्या निम्म्या किमतीच्या वर जात असेल तर रॅमचा विचार सोड, आत्ता फक्त एसएसडी लाव आणि उरलेले पैसे मामांना बाजूला ठेवायला सांग.

मशीनचं झालं, माणसांचं राहिलं, आणि नातेवाइकांचे पीसी बिघडतात ते इथेच. मामा "चालतोय ना, चालू दे" म्हणतात ते चिक्कूपणाने नाही, त्यांना भीती आहे की तू हात लावलास की त्यांचं काहीतरी सापडणार नाही. तेव्हा सुरुवात करायच्या आधी त्यांच्या स्क्रीनचा मोबाइलवर फोटो काढ. कुठला आयकॉन कुठे आहे, वॉलपेपर कुठला आहे, ब्राउझरच्या वरच्या पट्टीत काय काय आहे. काम झालं की सगळं जिथल्या तिथे ठेव, त्याच कोपऱ्यात, त्याच नावाने, भले त्या फोल्डरचं नाव "न्यू फोल्डर ३" असेना का, त्यांना माहितीय त्यात काय आहे. तुझ्या आवडीचं डार्क मोड वगैरे करायचं नाही. अक्षरं मात्र १२५ टक्के करून दाखव, बहुतेक आवडेल, विचारून कर.

रोजच्या वापरासाठी साधं अकाउंट बनव, ॲडमिनचा पासवर्ड वेगळा ठेव आणि तो कागदावर लिहून मामांकडेच दे, तुझ्या मोबाइलमध्ये नाही, पीसी त्यांचा आहे. ब्राउझरला जाहिराती अडवणारं एक्स्टेंशन टाक, फायरफॉक्सला यूब्लॉक ओरिजिन अजून पूर्ण चालतं. हे मी स्पीडसाठी सांगत नाहीये. "तुमच्या कम्प्युटरला व्हायरस लागलाय, या नंबरवर फोन करा" अशी जी पानं उघडतात ना, ती बहुतेक वेळा जाहिरातीतूनच येतात, आणि वयस्कर माणूस तिथे फसतो. मामा-मामी दोघांना एकदा सांगून ठेव, कम्प्युटर कधीही फोन नंबर देत नाही, आणि फोनवर कोणी स्क्रीन शेअर करणारं ॲप टाकायला सांगितलं तर फोन ठेवून तुला लावायचा. तू स्वतः लांबून मदत करायला असलं काही टाकणार असशील तर दर वेळी मामांनी स्वतः हो म्हटल्याशिवाय जोडलं जाणार नाही असंच सेटिंग ठेव.

शेवटी प्रत्यक्ष करायच्या दिवसाचं. क्रिस्टलडिस्कइन्फो नावाचं फुकट सॉफ्टवेअर आधी चालव, ते हार्ड डिस्कची तब्येत सांगतं. निळं आलं तर ठीक, पिवळं आलं किंवा पेंडिंग सेक्टरच्या (नीट वाचता न येणाऱ्या जागांच्या) समोर शून्य सोडून काही दिसलं तर बाकी सगळं बाजूला ठेवून पहिल्यांदा डेटा बाहेर काढ, डीफ्रॅग (डिस्कवरच्या फायली नव्याने मांडणं) वगैरे अजिबात करू नकोस. बॅकअपमध्ये डॉक्युमेंट्स घेतेस पण डेस्कटॉप आणि डाउनलोड्स विसरतेस असं होऊ देऊ नकोस, मामांच्या वयाची माणसं सगळं डेस्कटॉपवरच ठेवतात. डी ड्राइव्हमध्ये कोणाचेतरी जुने फोटो असतात तेही बघ. ब्राउझरमधले बुकमार्क आणि सेव्ह झालेले पासवर्ड काढून घे, नाहीतर संध्याकाळी मामा विचारतील माझा पासवर्ड कुठे गेला आणि त्यांनी तो कधी लिहून ठेवलेलाच नसतो.

इन्स्टॉल करताना जुन्या हार्ड डिस्कची केबल काढून ठेव, फक्त एसएसडी जोडलेली असूदे, नाहीतर विंडोज कधीकधी चालू होण्याच्या फायली जुन्या डिस्कवर टाकतं आणि नंतर ती डिस्क काढली की एसएसडी चालूच होत नाही. ओरिजिनल विंडोज १० असेल आणि परत तेच टाकत असशील तर की विचारल्यावर "माझ्याकडे की नाही" करून पुढे जा, लायसन्स बोर्डशी जोडलेलं असतं, नेट लागलं की आपोआप ॲक्टिव्ह होतं, फक्त होम असेल तर होम आणि प्रो असेल तर प्रोच निवड. सकाळी सुरू कर, संध्याकाळी नको, आणि ज्या दिवशी मामांना बिलं भरायची असतात तो दिवस तर सोडूनच दे. जुनी डिस्क पुसू नकोस, काढून कागदात गुंडाळून वर तारीख लिही आणि मामांकडेच कपाटात ठेव. मामांचं एक महिन्याचं सगळं काम, मेल, बिलं, खर्चाची फाइल, प्रिंट, नव्या एसएसडीवर बिनबोभाट झालं की मग ती पुसायची, त्याच्या आधी कोणी कितीही मागितली तरी द्यायची नाही.